‘सुंदरी आणि श्वापद’ गोव्यात आणताना: सोज्वळ अद्भुत प्रेमकथा लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शापित श्वापदाची आणि व्यापाऱ्याच्या मुलीची कथा गोव्याच्या पार्श्वभूमीवर मराठीत लिहू पाहणाऱ्यांसाठी हे पान आहे. उत्तरं लघुकादंबरी डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत. दिवाळी अंकासाठी पाच-सहा हजार शब्दांची कथा लिहायची असेल, तर प्रकरणांचा हिशेब सोडून बाकी सगळं तसंच लागू पडतं.

मूळ कथा नेमकी कोणती धरायची?

दोन धरा आणि शेजारी-शेजारी ठेवून वाचा. पहिली गाब्रिएल-सुझान द विलनव यांची, १७४० सालची. ती लांबलचक आणि प्रौढ वाचकांसाठी आहे. दुसरी जान-मारी लप्रँस द बोमों यांनी १७५६ मध्ये मुलांसाठी आवरून लिहिलेली. आपण लहानपणी ऐकतो ती बहुतेक हीच. विलनव यांच्या व्यापाऱ्याला बारा मुलं आहेत, बोमों यांच्याकडे सहा. विलनव यांच्या वाड्यात माकडं आणि बोलके पोपट नायिकेच्या दिमतीला असतात. बोमों यांनी ते काढून टाकले. गोव्यासाठी ते परत आणावेत असं आमचं ठाम मत आहे, कारण कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, माकड आणि पोपट वेगळे बोलवावे लागत नाहीत.

सोज्वळ कथा लिहिणाऱ्याने एक फरक मुद्दाम लक्षात ठेवावा. विलनव यांचं श्वापद रोज रात्री शय्येबद्दल विचारतं. बोमों यांनी तिथे ‘माझ्याशी लग्न करशील का?’ हा प्रश्न आणला आणि सगळ्या कथेचा सूर पालटला.

चित्रपटात पाहिलेले प्रसंग वापरले तर चालतील?

नाही. गळत्या पाकळ्यांनी वेळ मोजणारा गुलाब, घरातली भांडीकुंडी झालेले नोकर, म्हातारीला हाकलून देणारा गर्विष्ठ राजपुत्र, हे सगळं १९९१ च्या अमेरिकी चित्रपटातलं आहे, अठराव्या शतकातल्या कथांमधलं नाही. दोन्ही जुन्या फ्रेंच कथांवर आज कुणाचा हक्क उरलेला नाही. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कृती खुली होते, आणि विलनव तर १७५५ मध्येच वारल्या. मात्र अलीकडच्या भाषांतरावर भाषांतरकाराचा हक्क असतो. कथानक घ्या, त्याची वाक्यं घेऊ नका.

‘सोज्वळ’ म्हणजे नक्की किती?

बारा वर्षांच्या मुलीने आजीच्या शेजारी बसून वाचावं, इतकं. पण शारीरिक प्रसंग गाळले म्हणजे कथा सोज्वळ झाली असं नव्हे. इथे बहुतेक हस्तलिखितं फसतात. बापाच्या चुकीपोटी मुलगी एका अनोळखी घरात अडकते आणि हळूहळू तिला ते घर आवडू लागतं, एवढंच लिहिलं तर एकही चुंबन नसताना ती कथा अस्वस्थ करते. नायिकेला ‘नाही’ म्हणता येतं आणि त्या ‘नाही’चा मान राखला जातो, यावर या प्रकारातली सारी गोडी उभी आहे.

म्हणून तीन गोष्टी कागदावर दिसायलाच हव्यात. श्वापदाने बापाला घातलेली अट: मुलगी आपणहून आली तरच यावी. बोमों यांच्या कथेत ती आहे, गाळू नका. दुसरी, वाड्याच्या दाराला बाहेरून कडी नाही हे नायिकेने पहिल्याच आठवड्यात स्वतः पाहिलेलं असावं. तिसरी, तिला निघून जाता येईल असे निदान तीन प्रसंग यावेत आणि प्रत्येक वेळी ती राहते त्याचं कारण वेगळं असावं. पहिल्यांदा बापाला दिलेला शब्द, दुसऱ्यांदा हाती घेतलेलं काम, तिसऱ्यांदा तो. ही चढण नीट बांधली की पुढचं प्रेम वाचकाला पटवून द्यावं लागत नाही.

रोजचा प्रश्न रोज लिहायचा का? कंटाळवाणा होतो.

सगळ्या कादंबरीत पाच वेळा लिहा, बाकीच्या रात्री एका ओळीत जाऊ द्या. पहिल्या चारही वेळा तिचं उत्तर ‘नाही’ असलं तरी त्याचा पोत बदलला पाहिजे. पहिलं ‘नाही’ भीतीचं. दुसरं रागाचं. तिसरं सौजन्याचं, कारण आता तिला त्याला दुखवायचं नाही. चौथं उशिरा आलेलं: ती उत्तर द्यायला वेळ घेते आणि तो ते पाहतो. पाचव्या रात्री तो विचारतच नाही, आणि तिला ते लागतं. हा पाचवा प्रसंग जमला नाही तर आधीचे चार पुन्हा लिहा. दोष सहसा तिसऱ्यात असतो, तिथे ती फार लवकर विरघळते.

श्वापद कोणतं घ्यावं? वाघ?

वाघ घेऊ नका. मांसाहारी प्राणी जेवणाच्या पाटावर बसवला की प्रत्येक पंगतीत भीती किंवा किळस येते. गवा घ्या. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी आहे, सत्तरी-सांग्याच्या रानात तो आहेच, आणि तो झाडपाला, गवत, बांबूचे कोंब खातो. काळाभोर देह, गुडघ्याखाली मोजे घातल्यासारखे पांढरे पाय, शिंगांच्या मधला उंचवटा. रूप भीतिदायक, स्वभावाला मात्र वाव.

पूर्ण चौपायी करू नका. त्याला हात लागतात: पोथी धरायला, पेजेचा वाडगा पुढे करायला, दिवा लावायला. दोन पायांवर उभा, माणसाचे हात, आणि गव्याकडून तीनच खुणा: शिंगं, काळी लव, कोपरापासून खाली पांढरट हात. यापेक्षा जास्त खुणा दिल्या की वाचक प्रत्येक दृश्यात शरीर जुळवत बसतो.

आवाज जपा. गवा डरकाळी फोडत नाही, तो फुत्कारतो, हुंकारतो. त्याचं नाक तिखट असतं, त्यामुळे नायिका अंगणात आली हे त्याला पावलांआधी वासाने कळावं. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी साडेपाच-सहा फूट भरतो. दोन पायांवर आणि शिंगांसह तो साडेसात फूट तरी होईल. जुन्या घरांची दारं ठेंगणी असतात, म्हणजे तो प्रत्येक उंबऱ्यावर वाकणार. हे वाकणं पहिल्या प्रकरणांत धास्तीचं वाटतं आणि शेवटी लाघवी. फुकट मिळणारी खूण आहे, वाया घालवू नका.

मग तो देवचार किंवा राखणदार दाखवला तर गोव्याचं वाटेल ना?

वाटेल, पण करू नका. गावाची राखण करणाऱ्या या लोकदेवावर, राखणदारावर, गावागावांत आजही श्रद्धा आहे, त्याला नारळ-रोट दिला जातो. त्याला शापित नवरदेव बनवणं म्हणजे लोकांच्या देवघरातली वस्तू नाटकात वापरणं. शिवाय कथेचंही नुकसान होतं. राखणदार मुळातच हितकर्ता असल्यामुळे भीतीकडून विश्वासाकडे जाणारा प्रवास उरत नाही. त्याला सीमेवर राहू द्या. रानात वाट चुकलेल्या बापाला काठीचा ठोका ऐकू येतो आणि तो त्या आवाजामागे वाड्यापर्यंत पोचतो, एवढी त्याची भूमिका पुरे.

काळ कोणता? आणि घर कुठे?

मूळ कथेचंच साल, १७४० च्या आसपास, घेतलं तर सोयीचं पडतं. पण मग तिसवाडी, बार्देश, साष्टीत तुळशीवृंदावनाचा हिंदू वाडा आणि दारातलं देऊळ दाखवता येणार नाही. तिथली देवळं सोळाव्या शतकातच पाडली गेली आणि बरेच देव अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या बाजूला, नेले गेले. फोंडा महाल १७६३ पर्यंत पोर्तुगीज राज्यात कायमचा आलेला नव्हता. म्हणून व्यापाऱ्याचं घर मांडवीकाठच्या वळवईला ठेवा आणि श्वापदाचा वाडा वर सत्तरीच्या रानात. मधे नदी आहे, आणि ही नदी पुढे फार कामाला येते.

वस्तूंची चाचणी घ्या. मिरची आणि काजू चालतील, ते तोवर आलेले होते. चहा चालणार नाही, पाहुण्याला गूळ-पाणी द्या. आगपेटी नाही. रॉकेलचा कंदील नाही, खोबरेल तेलाची समई किंवा पणती. अशी एक आगपेटी शिल्लक राहिली तरी जाणता वाचक पुढचं सगळं संशयाने वाचतो.

बापाचा धंदा काय असावा?

मिठाचा. हा निर्णय सगळ्या कथेला बांधून ठेवतो, म्हणून सविस्तर सांगतो.

मूळ कथेत व्यापाऱ्याची गलबतं बुडतात. गोव्यात मिठागरांचं काम दिवाळीनंतर सुरू होतं, बांध घालून भरतीचं पाणी कोंडायचं, वाफे चोपून घट्ट करायचे, आणि मीठ फाल्गुनापासून वैशाखापर्यंत निघतं. वळिवाचा एक जोरदार पाऊस रास विरघळवून टाकतो. म्हणजे बाप भिकेला लागण्यासाठी समुद्रात वादळ उठवायची गरज नाही, चैत्र-वैशाखातली एक संध्याकाळ पुरते. त्यातलं दुःख इथल्या वाचकाला लगेच कळतं.

दुसरी बाजू अशी: रानातल्या तृणभक्षी जनावरांना मिठाची ओढ असते, खारट माती चाटायला ती दुरून येतात. गव्याच्या रूपात अडकलेल्या माणसालाही ती ओढ असणार. बापाच्या बैलावर विकून उरलेली मिठाची शेवटची गोण आहे. रात्री वाड्यात त्याला आसरा मिळतो, पान वाढलेलं मिळतं, यजमान दिसत नाही. सकाळी गोण फाडलेली आणि निम्मी चाटलेली. यजमान माणूस नाही हे वाचकाला त्या गोणीवरून बापाच्या आधी समजतं. पुढे नायिका त्याच्या पेजेत स्वतःच्या हाताने मीठ घालते, तेव्हा तेवढ्या कृतीत सगळं येतं. त्या ओळीनंतर स्पष्टीकरण लिहायचा मोह आवरा.

गुलाबाऐवजी कोणतं फूल?

म्हार्दोळची जाई सगळ्यांना आधी सुचते. फूल सुंदर आहे, महालसेच्या देवळात जायांची पूजाही होते, पण ऋतू आडवा येतो. जाईचा बहर पावसाळ्यात, आणि भर पावसात घाटावर जाणारा व्यापारी प्रवासाला निघत नाही. रानातली वाट चिखलाची, नदीला पूर, मिठाची गोण भिजून पाणी. जाई घेतली की बापाच्या प्रवासाचा सगळा पाया खचतो.

सुरंगी घ्या. ती माघ-फाल्गुनात फुलते, म्हणजे प्रवासाचेच दिवस. कळ्या फांदीला चिकटून येतात आणि उमलण्याआधी, पहाटे, काढाव्या लागतात. ऊन चढलं की कळी उमलते आणि वळेसराला, म्हणजे गजऱ्याला, निरुपयोगी होते. वाळल्यावरही वास राहतो, त्यामुळे बापाने आणलेली सुरंगी आठवडाभर मुलीच्या उशाशी दरवळू शकते. जाईला ते जमलं नसतं.

एक अडचण मात्र आहे. सुरंगीचं झाड उंच, कळ्या काढायला चढावं लागतं, आणि थकलेला म्हातारा झाडावर चढतो हे पटत नाही. म्हणून त्याने फूल तोडू नये. वाड्यातल्या देवळीत देवाला घालण्यासाठी गुंफून ठेवलेला वळेसर उचलावा. मूळ कथेत एका गुलाबापायी श्वापद एवढं चिडतं हे आजच्या वाचकाला खटकतं. देवासाठी ठेवलेलं फूल उचललं तर राग न्याय्य ठरतो, आणि तो वळेसर गुंफतो कोण, हा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप रुजतो.

नायिकेची माहेरची सुट्टी कधी दाखवावी?

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला. गोव्यात माहेराची ओढ चवथीइतकी दुसऱ्या कोणत्याच सणाला नसते. माटोळी बांधायची असते, फुगड्या असतात, पातोळ्या असतात. बोमों यांची नायिका आठवड्याची सुट्टी घेते, बहिणी केस उपटत दुःखाचं सोंग आणतात आणि तिला थांबवून घेतात, दहाव्या रात्री तिला श्वापद मरणाला टेकल्याचं स्वप्न पडतं. हे सगळं पंचांगात चपखल बसतं. ती भाद्रपद तृतीयेला घरी पोचते, नवमीला निघायला हवं, बहिणी अडवतात, आणि दहावी रात्र द्वादशीची येते.

आता नदी. वळवईहून वर सत्तरीकडे होडी भरतीबरोबर जाते. भरतीचा कोकणी हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट. द्वादशी, बारा गुणिले पाऊण, नऊ. म्हणजे नऊच्या सुमाराला पाणी भरणार आणि पहाटे तीनपासून चढू लागणार. नदीत आत भरती मुखापेक्षा थोडी उशिरा पोचते, तेवढी सूट ठेवा. स्वप्नातून दचकून उठलेली मुलगी पहाटे धक्क्यावर येते तेव्हा पाणी तिच्या बाजूने आहे. पण भाद्रपद आहे. वर डोंगरात पाऊस झाला असेल तर पुराचा लोंढा भरतीला दाद देत नाही आणि होडी जागच्या जागी थरथरते. अर्धी वाट होडीने आणि उरलेली चिखलातून पायी, असा परतीचा प्रवास लिहिला तर तिने परत येणं ‘निवडलं’ हे कुणी सांगावं लागत नाही. जादूच्या अंगठीने क्षणात पोचवू नका. मूळ कथेत ती अंगठी आहे, तरीही.

बहिणी दुष्टच ठेवाव्यात का?

मत्सरी ठेवा, दुष्ट नको. हुंडा बुडाल्यामुळे दोघींची लग्नं मोडली आहेत, एवढं कारण पुरतं.

श्वापद तिला ‘तुम्ही’ म्हणेल की ‘तू’?

सुरुवातीला दोघंही ‘तुम्ही’. ‘तू’वर येण्याचा क्षण पहिल्या स्पर्शाइतका जपून ठेवा आणि तो तिच्याकडून येऊ द्या, कारण त्या घरात दुर्बळ बाजू तिची आहे. साधारण दोन-तृतीयांश कादंबरी झाल्यावर, घाईच्या किंवा काळजीच्या वाक्यात, तिच्याही नकळत. घरची माणसं आणि नावाडी मात्र कोकणी वळणाने पहिल्यापासून ‘तू’ म्हणतील. तिथे ‘अहो-जाहो’ लादलं तर वळवई राहत नाही, पुण्याचा वाडा होतो.

संवादांत कोकणी किती?

निवेदन मराठीत, संवादांत कोकणी चवीपुरतं. ‘म्हाका खबर ना’, ‘देव बरें करूं’, ‘तूं खंय गेल्ली?’ अशी वाक्यं प्रसंगातूनच कळतात. तळटीप लागेल असं वाक्य असेल तर ते बदला. एका पानावर दोनपेक्षा जास्त झाली तर गोव्याबाहेरचा वाचक अडखळतो. गोव्यातला वाचक मात्र वेगळ्याच कारणाने हिरमुसतो: कोकणी फक्त नोकर-नावाड्यांच्या तोंडी दिलेलं असतं. बापाच्या आणि नायिकेच्या तोंडीही द्या.

शाप का मिळाला, हे सांगायलाच हवं?

हवं, पण दोन पानांत. बोमों कारण देतच नाहीत, एक दुष्ट परी शाप देते एवढंच. विलनव यांच्या कथेत राजपुत्राला सांभाळणारी परीच त्याच्याशी लग्न करू पाहते आणि नकार मिळाल्यावर शाप देते. हे दुसरं कारण सोज्वळ कथेला फार मोलाचं आहे. ज्याच्या स्वतःच्या ‘नाही’ला शिक्षा झाली, तो दुसऱ्याचं ‘नाही’ कसं ऐकतो, ही त्याच्या स्वभावाची किल्ली होते. कारण शेवटच्या चौथ्या भागात, त्याच्याच तोंडून येऊ द्या. प्रस्तावनेत सांगून टाकलं तर वाचक पहिल्या पानापासून त्याला माफ करतो आणि भीतीचा भाग कोरडा पडतो.

शेवटी तो देखणा राजपुत्र झाला की वाचक नाराज होतात. काय करावं?

नाराजी योग्य आहे. जिच्यावर प्रेम बसलं ती ओळखच पुसली जाते. रूपांतर ठेवा, पण एक खूण राहू द्या: कोपराखालचा फिकट रंग, किंवा रिकाम्या दारातही वाकायची सवय. आणि होकार रूपांतराच्या आधी, मरणासन्न श्वापदाला, स्पष्ट शब्दांत मिळालेला असावा. हा क्रम उलटला तर आधीची वीस प्रकरणं फुकट जातात.

नायिका ख्रिस्ती असली तर?

अगदी चालेल. घर तिसवाडीत किंवा बार्देशात न्या, गुलाब परत आणा, माहेराला २४ जूनचा सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण, द्या. मात्र तेव्हा नदीचं आणि मिठाचं वेळापत्रक नव्याने मांडावं लागेल, कारण जूनअखेर मिठागरं पाण्याखाली असतात.

प्रकरणं आणि शब्दसंख्या?

२४ प्रकरणं, प्रत्येकी सुमारे १,३०० शब्द, म्हणजे ३१,२०० शब्द. पहिली चार घर आणि बापाचा प्रवास. पाचव्यात दोघांची भेट झालीच पाहिजे, उशीर झाला तर प्रेमकथेचा वाचक पुस्तक मिटतो. सहा ते पंधरा वाड्यातलं सहजीवन. हाच कथेचा गाभा, इथे कंजूसपणा नको. सोळाव्यात सुट्टी, सतरा ते एकोणीस चवथ आणि बहिणी, वीस-एकवीस परतीची वाट, बाविसाव्यात होकार आणि शापमुक्ती. उरलेल्या दोनांत लग्न आणि पौषातल्या धालोंची, म्हणजे बायकांच्या नाच-गाण्यांच्या उत्सवाची, एक रात्र घ्या. मांडावर, म्हणजे नाचाच्या अंगणात, बायकाच असतात, नवरदेवाला तिथे आणू नका.

छापायचं झालं तर?

डेमी आकारात पानाला सुमारे २६० शब्द धरले तर १२० पानं होतात. शीर्षकपान, अर्पणपत्रिका वगैरे आठ मिळून १२८, म्हणजे सोळा पानी आठ फॉर्म पुरे, कोरी पानं उरत नाहीत. १३० झाली तर नववा फॉर्म चढतो आणि दोन पानांसाठी चौदा वाया जातात. तेव्हा काटछाट छपाईआधी करा. आयएसबीएन क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, अर्ज ऑनलाइन होतो. मुखपृष्ठ अंतिम होण्याआधी अर्ज करा, कारण क्रमांक मलपृष्ठावर छापावा लागतो. प्रकाशनानंतर ३० दिवसांत १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर तीन ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवणं प्रकाशकावर बंधनकारक आहे. स्वतः छापत असाल तर प्रकाशक तुम्हीच. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयालाही एक प्रत आठवणीने द्या, गोव्यातला मराठी वाचक तिथे पुस्तकं शोधतो.